रुमाल टाकलेली जागा

संगप्पाला एसटीचा ड्रायव्हर व्हायचं होतं. तहसीलदार नको, मास्तर नको, आडत दुकानातली गादी तर कुणी फुकट दिली असती तरी नको. रेणापूरच्या अलीकडे त्याचं गाव. त्या गावात आपल्याला काय व्हायचंय हे एवढं पक्कं ठाऊक असलेला दुसरा माणूस नव्हता, आणि बाकीच्यांना ते ठाऊक नव्हतं म्हणून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

हे वेड लागलं ते बहात्तरच्या दुष्काळात. त्या वर्षी गावात खायला काही नव्हतं म्हणून सरकारनं रस्ता काढला. बाप आधीच गेलेला, म्हणून संगप्पा आणि त्याची आई नीलम्मा, दोघंही खडी फोडायला जात. संध्याकाळी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. ती तोडताना नीलम्मा रोज म्हणायची, "अमेरिकेतल्या डुकरांनी नको म्हन्ली, तवा आपल्याकडं आली." आणि हसून पोराच्या पुढ्यात मोठा तुकडा सरकवायची. दुष्काळात हसणाऱ्या बाईला लोक थोडं वेडसर समजत, पण तिच्या शेजारची जागा मिळावी म्हणून कामावर भांडणंही होत.

पुढच्या पावसाळ्यानंतर रस्ता झाला आणि त्यावरून पहिली एसटी आली. सारा गाव कडेला उभा. हाताचे फोड अजून गेले नव्हते असे सगळे. गाडी थांबली, खाकी कपड्यातला ड्रायव्हर खाली उतरला, आणि सरपंचांनी नारळ, टोपी, टॉवेल सगळं त्याच्या हातात दिलं. संगप्पा बघतच राहिला. रस्ता आपण केला, खडी आपण फोडली, आणि नारळ मिळाला तो बसून आलेल्या माणसाला. दुसरं एखादं पोर चिडलं असतं. संगप्पानं मात्र तिथल्या तिथं ठरवून टाकलं की आपण बसून येणारा माणूस व्हायचं. ड्रायव्हरनं निघताना त्याच्याकडं बघून हॉर्न दिला, तो त्याच्या कानात पुढची दहा वर्षं वाजत होता.

मोठा झाल्यावर तो लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अण्णारावांच्या ट्रकवर लागला. अण्णाराव म्हणजे उस्ताद. तूर, करडी काय वाटेल ते भरून हैदराबादपर्यंत जायचे आणि वाटेत शिव्या देत देत शिकवायचे. संगप्पाचा हात बसला, मोठ्या गाडीचं लायसन मिळालं. आता फक्त एसटीत जागा निघायची वाट.

जागा निघायच्या आधी ते आलं. मोंढ्यात गाडीला टेकून तो भजी खात होता, एवढंच त्याला आठवतं. डोळे उघडले तेव्हा तो धुळीत आडवा होता, नाकाला कुणाची तरी चप्पल लावलेली होती, आणि भोवती निम्मा मोंढा जमला होता. एकजण कांदा फोडून आणा म्हणत होता, एकजण हातात किल्ल्या द्या म्हणत होता, आणि चप्पलेचा मालक तापल्या फरशीवर एका पायावर उभा राहून "झालं असंल तर द्या की माझी" म्हणत होता. काय झालं ते संगप्पाला नंतर अण्णारावांनी सांगितलं. सांगताना त्यांनी एकही शिवी दिली नाही, त्यावरूनच संगप्पानं ओळखलं की प्रकरण साधं नाही.

मग घरी एकदा झालं, मग शेतात. कुणी फेफरं म्हणालं, कुणी मिरगी, कुणी बाहेरचं. नीलम्मानं मठात नेऊन विभूती लावली. मठातले स्वामी शहाणे होते. ते म्हणाले, "विभूती लाव, आणि डाक्टरकडं बी ने." लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं.

"बाहेरचं काही नाही, आतलंच आहे. गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी सोडायची नाही. आणि तीन गोष्टींपासून लांब राहायचं. विस्तव, विहीर आणि स्टेअरिंग."

"कवापस्तोर, साहेब?"

"कायमचं, असंच धरून चाल."

पहिल्या दोन गोष्टी नीलम्मानं अंगावर घेतल्या. पोराला चुलीपाशी फिरकू देईना, आणि विहिरीकडं तो नुसता वळला तरी हाका मारायची. तिसऱ्या गोष्टीबद्दल घरात कुणीच बोललं नाही. ती डॉक्टरांनी सांगितलीच नव्हती अशा थाटात दोघं वागत होते. अण्णाराव मात्र डॉक्टरांबरोबर होते. त्यांनी किल्ली स्वतःच्या कनवटीला खोचली आणि म्हणाले, "तू आता मागं ऱ्हायचं. क्लीनरचं काम बी इज्जतीचंच हाय."

लायसन खिशात ठेवून संगप्पा ट्रकच्या मागं उभा राहून ओरडू लागला. "आन दो, आन दो, डावीकडं, आन दो, बस्स!" मोंढ्याच्या गजबजाटात ट्रक मागं घ्यायचा तर आवाज तसाच लागतो. त्याचा आवाज असा तयार झाला की तो "बस्स" म्हणाला की पलीकडच्या गल्लीतली रिक्षासुद्धा थांबायची. पण रागही होता. रात्री गोळी गिळताना तो पाण्याचा तांब्या जरा जोरातच खाली ठेवायचा.

गोळीनं गुण दिला. वर्ष उलटलं, काही झालं नाही. आणि तेवढ्यात एसटीत ड्रायव्हरच्या जागा निघाल्या आणि नांदेडला गाडी चालवून दाखवायला या म्हणून बोलावणं आलं.

"तितं इचारतील की रं," नीलम्मा म्हणाली.

"इचारलं तर सांगीन, अव्वा."

"आन न्हाई इचारलं तर?"

"तर कशाला सांगायचं?"

एरवी नीलम्मानं यावर पोराला सोडलं नसतं. पण गेल्या दोन वर्षांत तांब्या आपटल्याचा आवाज तिनं रोज ऐकला होता, आणि पोराला एकदा तरी ड्रायव्हरच्या गादीवर बसलेलं बघावं असं तिलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलायचं. तिनं भाकरी बांधल्या, आणि पिशवीच्या तळाशी एक कांदा टाकला. मोंढ्यातल्या त्या दिवसापासून पोरगा गावाबाहेर निघाला की ती एक कांदा बरोबर द्यायचीच, हुंगवायला. डॉक्टर हसले होते, तरी द्यायची.

त्या रात्री संगप्पाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे पडल्या पडल्या तो हातानं गियर टाकत होता.

सकाळी मायलेक लातूरच्या स्टँडवर आले, नीलम्मा त्याला गाडीत बसवून द्यायला. नांदेडची गाडी फलाटाला लागलेली होती आणि ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले होते. आता फलाटाला लागलेल्या गाडीचं आपल्याकडं एक शास्त्र आहे. दारातून घुसायचं नाही. खिडकीतून हात घालायचा आणि सिटावर रुमाल टाकायचा. एकदा रुमाल पडला की ती जागा तुमची. मग तुम्ही चहा प्या, पान खा, सोयऱ्यांना भेटून या. लोक गाडीत घामाघूम होऊन उभे राहतील, एकमेकांचे पाय तुडवतील, पण रुमालावर बसणार नाहीत. हे कुठं लिहिलेलं नाही आणि पोलिसांच्या कायद्यापेक्षा जास्त पाळलं जातं. संगप्पानं खांद्यावरचा पांढरा रुमाल काढला आणि ड्रायव्हरच्या अगदी मागच्या खिडकीतून आत टाकला. तिथून ड्रायव्हरचे हात दिसतात. नांदेडपर्यंत ते हात बघत जायचं त्यानं ठरवलं होतं.

तेवढ्यात कंट्रोल कॅबिनच्या खिडकीतून कुणीतरी हातवारे करू लागलं. ते व्यंकटराव, स्टँडवरचे कंट्रोलर. संगप्पा रिकामा असला की स्टँडवर येऊन गाड्या बघत बसायचा, म्हणून ते त्याला ओळखत होते. ते तोंड हलवत होते, पण आवाज येत नव्हता. जवळ गेल्यावर कळलं की आवाज उरलाच नव्हता.

"घसा गेला बाबा," ते फुसफुसले. "ह्या जिल्ह्यानं माझा जीव घ्यायलाय."

त्यांचं गाऱ्हाणं खरं होतं. नुकताच लातूर जिल्हा झाला होता. मंडप पडले, ढोल वाजले, पेढे वाटले गेले. पण लोकांच्या जिभेला ते कुणी कळवलं नव्हतं. इकडच्या माणसाला जिल्हा हे उस्मानाबादचं दुसरं नाव होतं. "जिल्ह्याला चाललो" म्हणजे उस्मानाबादला चाललो, बापजाद्यांपासून. त्यामुळं रेणापूरचा, चाकूरचा, औशाचा माणूस लातूरला उतरायचा, "जिल्ह्याची गाडी कोणती?" विचारायचा, आणि सांगणाराही तसाच, तो बोट दाखवायचा उस्मानाबादच्या गाडीकडं. तिथं साहेब सांगायचे, बाबा, तुझे कागद लातूरला गेले. मग तो माणूस धूळ खात परत यायचा आणि आधी व्यंकटरावांना गाठून झोडायचा. महिनाभर ते रोज ओरडत होते, आणि आज घशानं राजीनामा दिला होता.

"तुझा आवाज हाय," ते माईक पुढं करत म्हणाले. "नांदेड गाडी सुटेस्तोर धर जरा."

संगप्पानं माईक धरला. आधी दोन गाड्या त्यानं कागदावर लिहिल्याप्रमाणे पुकारल्या, शुद्ध, मास्तरासारख्या. मग खिडकीशी एक पागोटेवाले आजोबा आले. बगलेत कागदांची पिशवी.

"जिल्ह्याची गाडी लागली का रं?"

"गाव कोन्तं, मामा?"

"रेनापूर."

संगप्पानं उस्मानाबादच्या गाडीकडं बघितलं. गच्च भरलेली, आणि निम्म्या लोकांच्या बगलेत तशाच पिशव्या. त्याला राहवलं नाही. त्यानं माईक तोंडाशी आणला, आणि ट्रकमागं उभं राहून यायचा तोच आवाज आला.

"रेनापूर, चाकूर, औसा, निलंगा, उदगीरकडची मंडळी, ध्यान द्या. जिल्ह्याला जायाचं म्हनून उस्मानाबाद गाडीत बसला असाल, तर खाली उतरा. जिल्हा तितं न्हाई. जिल्हा निघून इकडं आला. तुमी जिल्ह्यातच बसून राहिलात."

स्टँडवर जो हशा पिकला, तो रसवंतीपर्यंत गेला. गाडीतून पिशव्या घेऊन माणसं उतरू लागली. एकानं खिडकीतूनच विचारलं, "मंग जिल्हा उतरला कुटं?"

"फाटकाबाहेर पडा. सरकारी जीपा जिकडं पळायल्यात तिकडं चला."

उस्मानाबादचा कंडक्टर अर्धी गाडी रिकामी झाली म्हणून कमरेवर हात देऊन कॅबिनकडं बघत होता. व्यंकटराव आवाज न काढता पोट धरून हसत होते. आणि संगप्पाला मजा येऊ लागली. निलंग्याची गाडी तिरकी लागत होती, त्यानं माईकवरूनच सांगितलं, "आन दो, उजवीकडं, आन दो, बस्स." गाडी सरळ लागली. उदगीरची मागं, अहमदपूरची पुढं. सगळा स्टँड त्याच्या शब्दावर हलत होता. बाकावर नीलम्मा शेजारच्या बाईला सांगत होती, "त्यो माजा," आणि दोन मिनिटांनी दुसऱ्या बाजूच्या बाईलाही सांगत होती.

नांदेड गाडीची वेळ झाली. त्यानं तीही पुकारली. "लातूर-नांदेड गाडी, मार्गे चाकूर, अहमदपूर..."

आणि त्याला गूळ करपल्याचा वास आला. तो वास त्याच्या ओळखीचा होता, घरी आणि शेतात झालं त्याआधीही हाच आला होता. आता गूळ कुठून आला, असं त्याच्या मनात आलं, आणि पुढं काहीच आलं नाही.

भान आलं तेव्हा तो खुर्चीतच होता. पडला नव्हता. माईक हातात होता, व्यंकटरावांनी त्याचा खांदा घट्ट धरला होता, आणि बाहेरून कुणीतरी ओरडत होतं, "ओ अहमदपूर, फुडं काय? बोला की!" व्यंकटरावांनी वाकून माईकमध्ये "लोहा" असं फुसफुस केलं. ते बेडकासारखं ऐकू आलं आणि स्टँड पुन्हा हसला. कुणाला काही कळलंच नव्हतं. लोकांना वाटलं माईक बंद पडला. ते नेहमीचंच होतं.

संगप्पानं खिडकीतून बघितलं. नांदेडची गाडी होती तिथंच उभी होती. आत माणसं शेंगा खात होती. दारात एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती, लेकरू तिच्या कानातलं ओढत होतं. आपण मधेच गप्प झालो तेवढ्या वेळात ह्यातल्या कुणाचंच काही झालं नाही, कारण ही गाडी उभी आहे. आणि ती चालू असती तर? चाकूरच्या वळणावर असती, गादीवर आपण असतो, आणि गुळाचा वास आला असता तर? गोळी चुकवली नव्हती. रात्री घेतली होती. एक झोप काय चुकली, तेवढ्यानं आलं.

त्याला भीती वाटली. स्वतःची नाही, त्या लेकराची. डॉक्टरांचा तिसरा शब्द दोन वर्षांनी त्याच्या कानात शिरला, आणि त्याचे डोळे भरून आले. दहा वर्षांचं स्वप्न होतं, ते असं कॅबिनमध्ये खुर्चीवर बसून सुटेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मिरगी हाय मला, रोज गोळी चालू हाय," तो व्यंकटरावांना म्हणाला. हे वाक्य त्यानं आपणहून कुणाला सांगितलेलं हे पहिलंच.

व्यंकटरावांनी खुर्ची ओढली. "मला शुगर हाय," ते फुसफुसले. "बायकू गोड दिईना, म्हनून त्या दिवशी जिल्हा झाल्याचे पेढे टेबलाखाली बसून खाल्ले. दोन दिवस दवाखान्यात. तुझी गोळी रोज, माझी सुई रोज. आपल्याला काय सोडून जायाचं नाव घेत न्हाईत हे पाव्हने. मंग त्यान्ला घरचंच समजायचं. तू हितंच माईक धर."

"माईकवर असताना पुन्हा झालं म्हंजे?"

"तर तू गप बसशील. गाड्या काय तुझ्या गप बसल्यानं पळत न्हाईत. आन ह्या स्टँडवर कोन ऐकतंय रं आपलं? आज पहिल्यांदा ऐकलं लोकान्नी." त्यांनी घसा चोळला. "साहेबांना बोलतो मी. सध्या रोजंदारीवर का हुईना."

"आधी सांगा त्यान्ला. मिरगीचं आधी, आवाजाचं मागून."

"दोन्ही सांगतो."

तेवढ्यात चहा पिऊन ड्रायव्हर गादीवर चढला आणि गाडी धडधडू लागली. आत धांदल उडाली. लेकरूवाली बाई पुढं सरकत ड्रायव्हरच्या मागच्या सिटापर्यंत पोचली होती आणि तिथंच उभी होती, कारण सिटावर रुमाल होता. शेजारचा माणूस तिला समजावत होता, "बसू नका ताई, कुनीतरी धरलेली हाय." कंडक्टर ओरडला, "रुमाल कुनाचा? ओ, रुमालवाले!" आणि रुमाल उचलायची कुणाची छाती होईना.

फलाटावर नीलम्मा उभी राहिली होती. पिशवी छातीशी धरून ती गाडीकडं बघत होती, मग कॅबिनकडं, मग पुन्हा गाडीकडं.

संगप्पानं माईक तोंडाशी धरला.

"लातूर-नांदेड गाडी, मार्गे चाकूर, अहमदपूर, लोहा, सुटायलीय. ड्रायव्हरच्या मागं खिडकीपाशी पांढरा रुमाल हाय, त्यो माजा हाय. मी येत न्हाई. त्या लेकरूवाल्या ताईला बसू द्या. रुमाल तेवढा खाली टाका."

कंडक्टरनं रुमाल उचलून खिडकीतून बाहेर सोडला. बाई बसली, लेकरू खिडकीच्या गजाला लोंबकळलं. नीलम्मानं रुमाल खाली पडू दिला नाही, वरच्या वर झेलला. झटकला, घडी घातली, मग ती घडी मोडून त्याच रुमालानं डोळे पुसले आणि पुन्हा घडी घातली.

गाडी फलाट सोडून मागं आली, वळली. फाटकातून बाहेर पडताना ड्रायव्हरनं कॅबिनकडं बघितलं आणि हॉर्न दिला. कंट्रोलला हॉर्न द्यायची रीतच असते, त्यात विशेष काही नाही. पण खिडकीत त्या वेळी संगप्पा होता, आणि हॉर्न त्याला मिळाला.

दुपारी नीलम्मा कॅबिनमध्ये येऊन बसली. "शरणार्थी" असा मठातल्यासारखा नमस्कार करत तिनं व्यंकटरावांना हात जोडले आणि त्यांच्याही पुढ्यात भाकरी ठेवली. सगळं ऐकून घेतलं होतं तिनं. काही विचारलं नाही, फक्त पोराच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, जरा जोरातच, केस विसकटतील असा. मग पिशवीच्या तळातून कांदा काढला, टेबलावर ठेवला आणि मुठीनं फोडला.

"हुंगायला आनला व्हता की, अव्वा," संगप्पा म्हणाला.

"हुंगून काय व्हतंय? खा."

पहिला घास तोंडात गेला आणि व्यंकटराव हातवारे करू लागले. उदगीरची गाडी फाटकातून आत येत होती. संगप्पानं घास गालात सरकवला आणि माईक ओढला. त्या दिवशी उदगीरचं नाव लातूरच्या स्टँडवर जरा तिखट ऐकू आलं, आणि नांदेडहून आलेल्या एका पाहुण्यानं फलाटावर शेजाऱ्याला विचारलं, "कोन वो हा नवा साहेब?"

शेजारी बसलेले पागोटेवाले आजोबा जिल्ह्याचं काम उरकून आले होते. ते म्हणाले, "जिल्ह्याबरुबर आलाय."